शिट्टी आधी वाजली होती

सुहास, दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता तू बॉनमध्ये ट्रामच्या थांब्यावर कोसळलास. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलने मृत्यू नोंदवला. कारण हृदयविकार.

बातमीत जे सर्वांत महत्त्वाचं ते आधी लिहायचं असतं, म्हणून दुसरी गोष्टही इथेच लिहिते. गेल्या मे महिन्यात तू माझ्या हातात एक पाकीट दिलं होतंस. माझ्या वर्तमानपत्रात पोहोचवायचं म्हणून. ते मी पोहोचवलं नाही. अकरा महिने ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. तुला मी सांगितलं होतं की दिलं.

तू अमेरिकन फुटबॉलचा पंच आहेस हे आपल्या मराठी मंडळींना कधी नीट पचलं नाही. दूरसंचार कंपनीतला इंजिनियर म्हटलं की सगळ्यांना कळायचं. गणपतीत आरती झाली की कुणीतरी विचारायचंच, "ते खांद्यावर उशा बांधून एकमेकांवर पडतात, तेच ना हो?" तू प्रसादाचा द्रोण सांभाळत म्हणायचास, "तेच. मी मध्ये उभा राहून कोण आधी पडलं ते सांगतो."

सुरुवात एर्लांगेनला झाली होती. पीएचडी करताना तू रोज सायकलवरून विद्यार्थ्यांच्या मैदानाच्या कडेने जायचास. एका शनिवारी पंच आला नाही म्हणून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला थांबवलं. दुसरा कुणी शिट्टी घेऊन उभा राहिला असता. तू नियमपुस्तक मागितलंस आणि तासाभराने सुरू करू म्हणालास. जर्मनीतल्या सगळ्या पंचांत ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला मी एकटाच, असं तू पुढे सांगायचास. हे मला पडताळून पाहता आलेलं नाही.

मला हा खेळ तू शिकवलास. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर आठ वर्षं काढून मी इथे आले होते आणि एका प्रादेशिक जर्मन दैनिकाच्या क्रीडाविभागात कंत्राटी बातमीदार झाले होते. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगची युरोपातली शाखा ऱ्हाईनकाठच्या स्टेडियममध्ये खेळत होती. प्रशिक्षक जर्मन बोलत नव्हते, विभागात कुणाला ते सामने नको होते, आणि मला इंग्रजी येत होतं. एवढीच माझी पात्रता. मग तू तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्यांची झाकणं एका बाजूला मांडलीस, वाट्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक खजूर ठेवलास. चेंडूचा आकार तसाच, म्हणालास.

"शिट्टी वाजली की खजूर मेला. त्यानंतर जो कुणाच्या अंगावर जाईल तो खेळत नाहीये, मारतोय. एवढं कळलं की अर्धा खेळ कळला, संपादकबाई."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो जाहिरातींचा." तू खजूर खाऊन टाकलास.

तुझा पिवळा झेंडा तुझ्या बायकोने, वर्षाने, शिवला होता. नियम मोडला की पंच तो मैदानावर फेकतात, आणि तो नीट पडावा म्हणून त्याच्या टोकाला वजन लागतं. बाकीचे वाळू भरतात. वर्षाने घरात होती ती मटकी भरली. एकदा पावसातला सामना झाल्यावर तू किटबॅग तशीच कोपऱ्यात टाकलीस आणि तिसऱ्या दिवशी झेंड्याला मोड आले. वर्षा म्हणाली, "अजून एक दिवस थांबला असतास तर उसळ झाली असती." हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. क्रीडापानावर त्याला जागा नव्हती. जागा होती ती खेळाडूंच्या मैत्रिणींना, त्यांच्या गाड्यांना आणि दंडावरच्या गोंदणांना.

आता तो सामना. जे कागदावर सिद्ध आहे तेवढंच लिहिते. रविवार होता, शेवटचा चरण चालू होता, घरचा संघ चार गुणांनी पुढे होता. पाहुण्यांचा अमेरिकन खेळाडू, पाठीवर एक्क्याऐंशी क्रमांक, चेंडू घेऊन खाली पडला. तू शिट्टी वाजवलीस. त्यानंतर घरच्या संघाचा चोपन्न क्रमांक धावत आला आणि पडलेल्या माणसाच्या मानेखाली हेल्मेट पुढे करून आदळला. एक्क्याऐंशी कसाबसा उठला आणि त्याने चोपन्नला ढकललं. तुझा झेंडा आदळण्यासाठी पडला, ढकलण्यासाठी नाही. मुख्य पंचाने तुझं ऐकून चोपन्नला मैदानाबाहेर काढलं. पाहुण्यांना पंधरा यार्ड मिळाले. तीन मिनिटांनी त्यांनी सामना जिंकला.

चोपन्न हा साधा खेळाडू नव्हता. अमेरिकेतून उसन्या आलेल्या संघात तो एकटा इथला, याच शहरातला, बेकरीवाल्याचा मुलगा. त्याने कुणाला लोळवलं की आमचं पान त्याला 'जिगर' म्हणायचं. तेच एखाद्या कृष्णवर्णीय अमेरिकनाने केलं की 'बेशिस्त'. हे शब्द कुणी ठरवून वाटले नव्हते. आमच्या विभागात ते टाइपरायटरच्या काळापासून बोटांत बसलेले होते, आणि त्या वर्षी माझ्याही बोटांत बसले.

सोमवारी सहा रकाने आले. शीर्षक होतं, 'पंचाने हिरावलेला विजय'. फोटो होता एक्क्याऐंशी चोपन्नला ढकलतो आहे त्या क्षणाचा. त्याच्या आधीच्या क्षणाचा फोटो छायाचित्रकाराकडे होता, मी पाहिला होता. तो अंधुक आहे म्हणून बाजूला पडला. तो अंधुक नव्हता. शेजारच्या स्तंभात आमच्या ज्येष्ठ स्तंभलेखकाने लिहिलं होतं की ज्या देशात हा खेळच नाही तिथल्या माणसाकडे शिट्टी का दिली, असा प्रश्न प्रेक्षक विचारत आहेत. त्याने एकाही प्रेक्षकाला विचारलं नव्हतं. तो सामन्याला आलाच नव्हता. हाच गृहस्थ दरवर्षी शाळांच्या खेळभावना स्पर्धेत परीक्षक असतो.

मुख्य बातमी माझी होती. तिच्यात एक वाक्य होतं: चोपन्नचा टॅकल शिट्टीच्या आधी झाला. वाक्य खोटं होतं. लवकरच्या आवृत्तीसाठी पहिले तीन चरण फोनवरून सांगायला मी प्रेसच्या तंबूत गेले होते. परत आले तेव्हा चोपन्न बाहेर पडत होता आणि स्टेडियम तुझ्या नावाने शिट्ट्या मारत होतं. क्लबच्या प्रसिद्धीप्रमुखाने एक कागद हातात दिला. त्यावर हे वाक्य तयार होतं. मी ते भाषांतर करून बातमीत घातलं आणि 'क्लबच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द जागेसाठी काढले. पुण्यात डेस्कवर असताना याच चुकीसाठी मी शिकाऊ मुलांना झापलं आहे.

तू त्या संध्याकाळी माझ्या घरी आलास. ओरडला नाहीस.

"शिट्टी माझ्या तोंडात होती ग. मी वाजवली, मग तो आला. तू कुठे होतीस?"

"तंबूत. फोनवर."

"मग तुला कोणी सांगितलं?"

"कागद होता."

"या," म्हणालास, इथले लोक 'हो'साठी म्हणतात तसं, वाक्य संपलं की पुढे काही नाही अशा स्वरात. "कागद होता."

इथल्या कायद्यात एक सोय आहे, हे तुला मीच सांगितलं. गेगेनडारश्टेलुंग. ज्याच्याबद्दल छापलं त्याने स्वतःच्या सहीने, फक्त वस्तुस्थिती सांगणारं निवेदन द्यायचं. वर्तमानपत्राला ते त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापावं लागतं. अट एकच, उशीर करायचा नाही. तू माझ्याच टेबलावर बसून ते लिहिलंस. तुमच्या अंकात म्हटलं आहे की धक्का शिट्टीच्या आधी बसला. हे खरं नाही. शिट्टी मी वाजवली होती आणि धक्का त्यानंतर बसला. तीन वाक्यं, एकही विशेषण नाही. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला तीन वाक्यांत थांबता आलं नसतं.

मग तू पाकीट बंद करून माझ्याकडे दिलंस. कुणीही जर्मन माणूस टपाल कचेरीत गेला असता, नोंदणी करून पोचपावती घेतली असती. तुझ्या ऑफिसच्या खिडकीतून तर टपाल कंपनीचं मुख्यालय दिसतं. पण आपली भाजणी कुणाच्या तरी सामानातून येते, आईची औषधं कुणाच्या तरी हातून जातात. नोंदणी करायची म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणायचं.

"पोस्टात कशाला? तू आहेसच ना तिथे. हातोहात दे," तू म्हणालास.

वर्षा म्हणाली होती, "अरे, आइनश्राइबेन कर ना सरळ, नोंदणी करून पाठव." तू तिला गप्प केलंस. माझ्यासमोर तसं बोलणं तुला बरं वाटलं नसावं.

माझ्या कायम नेमणुकीचा निर्णय जूनमध्ये व्हायचा होता. ते निवेदन छापलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता, की खोटं वाक्य माझं. मी पाकीट खणात ठेवलं. आठवड्याने तू विचारलंस. मी म्हणाले, "बघतायत." पुढच्या महिन्यात विचारलंस. मी म्हणाले, "मुदत टळली म्हणतात." नेमणूक झाली. तू पेढे घेऊन आलास.

दरम्यान लीगने स्वतःचं चित्रण तपासलं. ते पत्र तू मला दाखवलंस: निर्णय योग्य, चोपन्नवर एका सामन्याची बंदी. पत्र गोपनीय होतं. आमच्या पानावर बातमी आली की चोपन्नला मांडीच्या स्नायूसाठी विश्रांती. पुढच्या सामन्यांसाठी पंचांची यादी निघाली, तीत तुझं नाव नव्हतं. कारण दिलेलं नव्हतं. पंच बरोबर ठरला, म्हणून घरी बसला. खेळाडू चूक ठरला, त्याच्या नावाचे शर्ट त्या उन्हाळ्यात क्लबने मुलांच्या मापातही काढले.

त्यानंतरचे आपले वाद मला पाठ आहेत. तू आमच्या पेपरला शिव्या घालायचास आणि मी पेपरच्या बाजूने बोलायचे. म्हणायचे, दोन्ही बाजू द्याव्या लागतात, समतोल लागतो. तू म्हणायचास, "शिट्टीला दोन बाजू नसतात, संपादकबाई. ती वाजते, नाहीतर वाजत नाही." मी म्हणायचे, प्रत्येकाची आवृत्ती असते. तू म्हणायचास, "आवृत्ती तुमच्या पेपरची असते. लवकरची आणि उशिराची. दोन्हीत तेच खोटं." ते पाकीट तेव्हा तुझ्यापासून चार फुटांवर, त्याच टेबलाच्या खणात होतं.

वाद दरवेळी तिथेच सुटायचा, कारण वर्षा माझ्या स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारायची.

एक गोष्ट तू मला छापू नको म्हणाला होतास. त्या रविवारी सामन्यानंतर पार्किंगमध्ये चोपन्न तुझ्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, मला शिट्टी ऐकू आली होती. एवढं बोलून निघून गेला. मी म्हटलं, सुहास, हे निवेदनात घाल, इथेच प्रकरण संपतं. तू म्हणालास, "तो मला सांगायला आला होता, पेपरला नाही. एकट्याने येऊन खरं बोलला, त्याची मी बातमी करू?" मी तुला भाबडा म्हणाले. खेळभावना हा शब्द त्या लीगच्या प्रत्येक फलकावर होता. प्रत्यक्षात मी ती एकदाच पाहिली, पार्किंगची गोष्ट दाबून ठेवणाऱ्या माणसात, आणि त्याला भाबडा म्हणाले.

आता ती मी छापते आहे. ती एकाच सूत्राकडून आली आहे आणि ते सूत्र आता नाही. गेल्या शुक्रवारी मी क्लबमार्फत चोपन्नला विचारलं. उत्तर आलं, भाष्य नाही.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखाने मला चाळीस ओळी लिहायला सांगितल्या. क्लबच्या प्रसिद्धीप्रमुखाचा फोन आला.

"चोपन्नची प्रतिक्रिया पाठवतो. कशी हवी, भावुक की साधी?"

"तो काय म्हणाला?"

"अजून विचारलं नाही. तो जिममध्ये आहे."

दहा मिनिटांत प्रतिक्रिया आली. मैदानावर आमचं पटलं नाही, पण मी त्याचा कायम आदर केला. ती चौकटीत, ठळक अक्षरात लागली. माझ्या चाळीस ओळींपैकी अकरावी ओळ होती: गेल्या मे महिन्यातल्या निर्णयात तो बरोबर होता, धक्का शिट्टीनंतर बसला होता. विभागप्रमुखाने ती काढली.

"मृत्यूच्या बातमीत वाद नको," तो म्हणाला.

"वाद नाही, वस्तुस्थिती आहे."

"मग तेव्हा का नाही लिहिलीस?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं नाही. गुरुवारी छापून आलं: 'खेळभावनेचा आदर्श हरपला'. शीर्षक त्याच ज्येष्ठ स्तंभलेखकाने दिलं.

शनिवारी मोसमातला पहिला सामना होता. ज्या स्टेडियमने तुझ्या नावाने शिट्ट्या मारल्या तिथे तुझ्यासाठी एक मिनिट शांतता जाहीर झाली. माझ्या घड्याळाप्रमाणे ती चोवीस सेकंद टिकली, कारण दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती संपल्या. चोपन्न हेल्मेट काखेत धरून, मान खाली घालून मध्यरेषेवर उभा होता. छायाचित्रकार त्याच्यासमोर एका गुडघ्यावर बसला होता. सोमवारी तो फोटो चार रकान्यांत आला. या वेळी अंधुक नव्हता. तुझा फोटो छापला नाही.

अंत्यसंस्कार त्याच्यानंतरच्या बुधवारी झाले. इथे तारीख मिळायला वेळ लागतो. तुझे वडील पुण्याहून आले होते. गुरुजी कोलोनहून आले, त्यांना पंचवीस मिनिटं मिळाली. आप्पा मला म्हणाले, "तुम्ही पेपरात असता ना? सुहास फोनवर सांगायचा, आपल्या माणसाने काम केलं पण ते लोक छापत नाहीत." मी म्हटलं, "हो, आप्पा." त्यांनी माझे हात हातात घेतले.

मग बाहेरच्या व्हरांड्यात ईरा माझ्याजवळ आली. तुझी मुलगी बारा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलींनी ते सोमवारचं कात्रण तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. तू म्हणाला होतास, मला नेमणुका नकोत, मला तिला छापील काहीतरी दाखवायचंय. तिने मला विचारलं, "हाटे पापा रेष्ट?" पापा बरोबर होते का?

मी मराठीत म्हणाले, "हो. शिट्टी आधी वाजली होती."

 ती म्हणाली, "वो श्टेट दास?"

कुठे लिहिलंय.

या प्रकरणातल्या सगळ्यांबद्दल मला तुच्छता वाटते, हे वाचणाऱ्याला आतापर्यंत कळलं असेल. प्रसिद्धीप्रमुख, स्तंभलेखक, विभागप्रमुख, लीगचं ऑफिस. त्या यादीत खणाची मालकीणही आहे, आणि तिचं नाव शेवटी घालायचं कारण नाही. बाकीच्यांनी ओळख नसलेल्या माणसाला फसवलं. तुला स्वतःला मात्र यांतल्या कुणाचाच तिरस्कार करता आला नाही. तुला राग यायचा, तो एका वाक्याचा. तेवढं दुरुस्त झालं असतं तर तू चोपन्नच्या पुढच्या सामन्याला शिट्टी घेऊन आनंदाने उभा राहिला असतास.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी ते पाकीट क्रीडाविभागाच्या टपालात दिलं. सोबत माझं एक पान जोडलं: वाक्य माझं होतं, मी घटना पाहिली नव्हती, निवेदन मे महिन्यात माझ्याकडे आलं होतं आणि मी ते दाबलं. दोन्हींवर आवक शिक्का मारून घेतला. प्रत वर्षाला दिली. तिने उभ्यानेच वाचली, घडी घातली, आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी विभागप्रमुखाने मला आत बोलावलं. पाकीट त्याच्यासमोर उघडं होतं.

"मुदत केव्हाच गेली. आणि सही करणारा हयात नाही," तो म्हणाला.

"मग माझं पान छापा. मी हयात आहे."

तो म्हणाला, विचार करू.

त्यानंतर चार अंक निघाले. शुक्रवार, शनिवार, सोमवार आणि आजचा मंगळवार. चारही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. ते छापलेलं नाही.